आधी जेवण, मग ध्यान: वाईट दिवसांत स्वतःला सांभाळायची बुद्धांची पद्धत, नवख्यांसाठी

हे लिहितोय ते ज्यांचं सध्या खरंच काहीतरी बिघडलंय त्यांच्यासाठी. कारखाना बंद पडलाय, घरातलं कोणीतरी सिव्हिलला ॲडमिट आहे, बचत गटाचा हप्ता थकलाय, एमपीएससीची लिस्ट परत लागली आणि परत नाव नाही, किंवा घरातलं माणूस गेलंय आणि आता भेटायला येणारे लोकपण कमी झालेत. अशा वेळी कुणीतरी व्हॉट्सॲपवर बुद्धांचा फोटो आणि खाली "मन शांत ठेवा" असं पाठवतं आणि आपल्याला फोन फेकून द्यावासा वाटतो. साहजिकच आहे, मन शांत ठेवता आलं असतं तर ठेवलंच असतं की.

त्यामुळं शांत कसं व्हायचं हे मी सांगत बसत नाही. त्रास चालू असताना आपणच आपल्याला आणखी मारत असतो ते कसं थांबवायचं, आणि स्वतःला धीर द्यायचाच तर नेमका कोणत्या शब्दांत द्यायचा, एवढंच सांगतो. बुद्ध वंदनेला जाणाऱ्या घरांत मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, लहानपणापासून कानावर पडते, पण बऱ्याच जणांना ती शेवटी हात जोडून म्हणायची गोष्ट वाटते, सगळ्या जगाचं भलं होवो म्हणायचं आणि उठायचं, त्या सगळ्या जगात आपण स्वतः पण येतो हे डोक्यातच येत नाही. आणि हो, यासाठी बौद्ध असायलाच पाहिजे असं काही नाही, आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जाणारे, मार्कंडेय मंदिरात जाणारे, दर्ग्याला जाणारे कुणीही हे करू शकतं, कुणाचा देव बदलायला लागत नाही.

सुरू करायच्या आधी

जीव नकोसा झालाय असे विचार येत असतील, किंवा आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, उठवत नाही असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. सिव्हिलला मानसोपचार विभागपण आहे, तिथं जायला लाज वाटायचं कारण नाही. गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून बंद करू नका. बुद्धांवर स्वतः जीवक वैद्य उपचार करायचे, त्यांनी कधी जीवकाला सांगितलं नाही की मला तुझ्या औषधाची गरज नाही, मी ध्यान करतो.

पायरी १: जेवलास का बे?

सोलापुरात आपुलकी दाखवायची पद्धत ही आहे, समोरचा कितीपण पडलेल्या तोंडानं आला तरी आधी विचारतात जेवलास का. स्वतःशी मैत्रीची सुरुवात इथूनच करायची, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, याला बुद्धांचाच आधार आहे.

धम्मपद म्हणजे बुद्धांच्या गाथांचा संग्रह, त्याच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आळवी गावातल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्ध गावात आलेत, प्रवचन ऐकायची फार इच्छा, पण नेमका त्याच दिवशी बैल हरवला. तो बैल शोधत फिरला, सापडल्यावर कळपात सोडला आणि तसाच उपाशीपोटी धावत आला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. आणि आल्या आल्या त्यांनी त्याला धम्म सांगितला नाही, भिक्षूंचं काही अन्न उरलंय का विचारलं, त्याला बसवून जेवू घातलं, आणि त्याचं पोट भरल्यावर मग बोलायला सुरुवात केली. भिक्षूंना हे विचित्र वाटलं, कुजबुज झाली, तेव्हा बुद्ध म्हणाले भुकेसारखा रोग नाही. धम्मपदातली २०३ वी गाथा ती हीच.

दुसरी गोष्ट विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली. एका भिक्षूला हगवण लागली होती, स्वतःच्याच घाणीत पडून होता, बाकीचे त्याच्याकडं बघत नव्हते कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. बुद्ध आणि त्यांचे शिष्य आनंद तिथं गेले, बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं, दोघांनी मिळून उचलून त्याला खाटेवर ठेवलं. त्यानंतर बाकीच्या भिक्षूंना बोलावून सांगितलं की ज्याला माझी सेवा करायचीय त्यानं आजाऱ्याची सेवा करावी.

म्हणून पहिले काही दिवस बाकी काहीच करू नका, हे बघा: जेवलो का, पाणी प्यालो का, अंघोळ झाली का, रात्री चार तास तरी आडवा झालो का. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३ च्या वर जातो आणि अर्ध्या लोकांची चिडचिड नुसती पाणी कमी प्यायल्यामुळं असते असं माझं मत आहे. स्वयंपाकाचा कंटाळा आला तर कडक भाकरी चुरून शेंगाची चटणी आणि दही घ्या, तेवढं पुरे. नळाला पाणी आलेल्या दिवशी भांडी भरायची गडबड असते खरी, पण त्यातल्या दोन बादल्या निवांत अंघोळीला ठेवा. दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेल्या बायका स्वतः उपाशी राहून पेशंटला भरवतात, त्यांनी तर ही पायरी दोनदा वाचावी.

पायरी २: दुसरा बाण कुठला ते ओळखा

संयुत्त निकाय हा बुद्धांच्या उपदेशांचा जुना संग्रह, त्यात सल्ल सुत्त म्हणून एक छोटं सुत्त आहे, सुत्त म्हणजे उपदेश आणि सल्ल म्हणजे बाण. बुद्ध म्हणतात, ज्यानं धम्म ऐकलेला नाही त्याला दुःख झालं की तो रडतो, छाती बडवून घेतो, म्हणजे त्याला दोन वेदना होतात, एक शरीराची आणि एक मनाची, जसा एखाद्या माणसाला एक बाण लागावा आणि लगेच वर दुसरा. धम्म शिकलेल्या माणसालापण पहिला बाण लागतोच, त्याला फक्त दुसरा लागत नाही.

हे ऐकायला सोपं आहे पण स्वतःचा दुसरा बाण पकडणं अवघड, कारण तो आपल्याच आवाजात येतो आणि खरा वाटतो. समजा लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद झाला आणि मालकानं घरी बसायला सांगितलं, तर काम गेलं, या महिन्यात पगार नाही, हा पहिला बाण. "मी आयुष्यात एक गोष्ट नीट केली नाही, मेहुण्याचं ऐकून पुण्याला गेलो असतो तर, लोक काय म्हणतील, पोरांना माझी लाज वाटत असेल," हा सगळा दुसरा. विडी वळणाऱ्या बाईची पाठ दुखते आणि आज हजार पूर्ण झाल्या नाहीत, हा पहिला. "शेजारणीच्या होतात, मीच आळशी," हा दुसरा.

करायचं काय, तर वहीच्या पानावर मधे रेघ मारा. डावीकडं फक्त घडलेलं लिहा, जे पोलिसात जबाब देताना सांगता येईल तेवढंच. उजवीकडं त्यावर आपण काय काय बोललो ते. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, मग ऐका. उजवी बाजू वाचताना स्वतःला एकच विचारायचं, हे वाक्य मी माझ्या बहिणीला तिच्या अशा दिवशी बोललो असतो का? नसेल बोललो तर त्याच्यापुढं बारीक फुली मारा. खोडू नका, वाद घालू नका, फुली मारली की झालं. वाद घालायला गेलं की तो आवाज वकील होतो.

याच सुत्तात एक गोष्ट आहे जी लोक सांगायची विसरतात. बुद्ध म्हणतात तो माणूस मग चैनीच्या सुखाकडं पळतो, कारण दुःखातून सुटायचा दुसरा रस्ताच त्याला माहीत नसतो. मावा, दारू, रात्री २ वाजेपर्यंत रील्स, हे सगळं त्यात आलं. यात शिव्या कुठं आहेत बघा, नाहीयेत, फक्त माहीत नसतो एवढंच म्हटलंय. मला हे वाक्य फार माणुसकीचं वाटतं.

आता एक इशारा. पहिला बाण जर दुसऱ्या कुणी मुद्दाम मारलेला असेल, म्हणजे मजुरी बुडवली, जातीवरून बोललं, घरात मारहाण होते, तर तिथं "मी माझ्या मनाकडं बघतो" म्हणून गप्प बसायचं नाही. तक्रार करा, युनियनकडं जा, माहेरी फोन करा. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात लाखो लोकांना धम्म दिला तो अन्याय सोसायची प्रॅक्टिस म्हणून दिलेला नाही. दुसरा बाण काढला की पहिल्याशी लढायला हात मोकळे होतात, त्यासाठीच हे सगळं.

पायरी ३: खटखटीतच बसायचं

लोक म्हणतात घरात शांतता नाही, कसं बसू. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं घर आहे त्यांना माहितीय, शेजारी लूमची रात्रपाळी चालू असते, भिंत हलते, एका खोलीत पाच माणसं, टीव्ही वेगळाच. शांततेची वाट बघत बसलात तर रिटायर व्हाल. आवाजातच करा.

पाठ टेकवून बसा, खुर्चीवर, कट्ट्यावर, भिंतीला, कुठंपण. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, ज्यांना डोळे मिटले की भीतीदायक काहीतरी दिसतं त्यांनी उघडेच ठेवा. एक हात छातीवर किंवा पोटावर ठेवा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नाकाशी किंवा हाताखाली जिथं कळतंय तिथं बघा, लांब करू नका, मोजायची गरज नाही. लूमचा आवाज आला तर येऊ द्या. मनात एवढंच म्हणा, "हे अवघड आहे." बास. तीन श्वास झाले की उठा. हे दिवसातून पाच-सहा वेळा करता येतं, गाडीला किक मारायच्या आधी, सिव्हिलच्या लायनीत, गॅस पेटवायच्या आधी. निवांत बसायचंच असेल तर पहाटे कंबर तलावाच्या काठी नाहीतर सिद्धेश्वर तलावाजवळ जा, उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं तेव्हा सगळ्यांच्या आधी पंधरा मिनिटं उठलात तरी जमतं.

किती वेळ बसायचं यावर सोण भिक्षूची गोष्ट लक्षात ठेवा. तो चालून चालून ध्यान करायचा, इतकं की पायातून रक्त आलं, तरी काही मिळेना म्हणून घरी परत जायचा विचार करायला लागला. तो आधी वीणा वाजवायचा, म्हणून बुद्धांनी त्याला विचारलं तारा फार ताणल्या तर वाजते का, फार सैल सोडल्या तर वाजते का. लूमवर काम केलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही, ताणा, म्हणजे उभे धागे, जास्त ओढला की धागे तुटत सुटतात आणि सैल सोडला की कापडाला झोळ येतो. वाईट दिवसांत बहुतेकांचा ताणा आधीच जास्त ओढलेला असतो, म्हणून कमीच करा.

पायरी ४: मैत्रीची वाक्यं

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग लिहिला, ध्यान कसं करायचं त्याचं सगळ्यात बारकाईचं पुस्तक, आणि त्यात मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करा असं स्पष्ट सांगितलंय. "अहं सुखितो होमि, निद्दुक्खो", म्हणजे मी सुखी होवो, दुःखातून मोकळा होवो. कारणपण दिलंय, मला जसं सुख पाहिजे, दुःख नको, तसंच बाकीच्यांनापण, हे कळायला आधी स्वतःचा दाखला लागतो.

पाली म्हणायला आवडत असेल तर म्हणा. पण ज्या भाषेत तुमची आई तुम्हाला समजवायची त्या भाषेतली वाक्यं आत लवकर जातात, घरात तेलुगू असेल तर तेलुगूत, कन्नड असेल तर कन्नडमध्ये. तीन किंवा चार वाक्यं निवडा आणि रोज तीच ठेवा. उदाहरणार्थ: मला आज थोडा आराम मिळो. माझी भीती थोडी कमी होवो. हे सोसायला मला बळ मिळो. मी स्वतःशी नीट बोलो. बघा, यात कुठंही "मी खूप आनंदी आहे" वगैरे नाही. खोटं बोललं की मनाला लगेच कळतं. इच्छा करायची, दावा करायचा नाही.

वाक्य म्हणा, एक श्वास थांबा, पुढचं म्हणा. काही वाटलं नाही तरी चालतं. पहिले काही दिवस बऱ्याच जणांना हे नाटक वाटतं, काहींना तर उलट राग येतो, "मी कशाला सुखी होऊ, माझ्यामुळंच हे झालं" असं आतून येतं. त्यांनी स्वतःला सोडून द्या आणि ज्याच्याबद्दल सहज माया वाटते त्याच्यापासून सुरू करा, आजी, शाळेतल्या एखाद्या बाई, शेजारचं बारकं पोरगं, गल्लीतलं कुत्रं चालेल. त्याच्यासाठी चार वेळा म्हणा. मग त्याच्या शेजारी स्वतःला बसलेलं बघा आणि "आम्हा दोघांना" असं म्हणा. थोड्या दिवसांनी "मला" वर या. काहींना रडू येतं, येऊ द्या, तोंड धुवा, चहा प्या, त्या दिवशी तेवढंच.

विसुद्धिमग्गात कुणापासून सुरू करू नये हेपण दिलंय. वैऱ्यापासून नाही. ज्याच्याबद्दल प्रेमाची ओढ आहे त्याच्यापासून नाही, कारण मैत्री बाजूला राहते आणि आठवण सुरू होते. आणि गेलेल्या माणसापासून नाही. हे शेवटचं दुःखात असलेल्या घरांनी नीट ऐका, कारण आपण नेमकं तेच करायला जातो, गेलेल्याचा फोटो समोर ठेवतो आणि दर वेळी तुटून पडतो. त्यांच्यासाठी पुण्यानुमोदन, म्हणजे त्यांच्या नावानं पुण्यकर्म करणं, आहे, दान आहे, बाकी बरंच आहे. मैत्रीचा सराव जिवंत माणसावर करा, आणि सध्या घरात सगळ्यात जास्त गरज असलेलं जिवंत माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता.

हा स्वार्थ नाही का, असं विचारणारे भेटतात. श्रावस्तीचा राजा पसेनदी, त्यानं एकदा राणी मल्लिकेला विचारलं की तुला स्वतःपेक्षा जास्त प्रिय कोणी आहे का. बहुतेक त्याला वाटलं असणार ती म्हणेल तुम्ही. ती म्हणाली नाही महाराज, कोणी नाही, आणि तुम्हाला? तोपण म्हणाला नाही. मग तो बुद्धांकडं गेला. बुद्ध रागावले नाहीत. म्हणाले, सगळ्या दिशा मनानं धुंडाळल्या तरी स्वतःपेक्षा प्रिय कोणी सापडत नाही, बाकीच्यांनापण असाच आपापला जीव प्यारा आहे, म्हणून ज्याला स्वतःवर प्रेम आहे त्यानं दुसऱ्याला दुखवू नये.

पायरी ५: नकुलमातेसारखं बोला

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

भग्ग देशात सुंसुमारगिरी नावाचं गाव, तिथं नकुलपिता आणि नकुलमाता हे नवरा-बायको, घरसंसारातले उपासक. नकुलपिता एकदा खूप आजारी पडला, वाचेल असं वाटत नव्हतं. नकुलमाता त्याच्याजवळ बसली आणि बोलायला लागली. अंगुत्तर निकाय या उपदेशांच्या दुसऱ्या संग्रहात तिचं बोलणं सगळं दिलंय. ती "तुम्हाला काही होणार नाही" असं म्हणाली नाही. "सगळं ठीक होईल" असंपण म्हणाली नाही. ती म्हणाली, मनात घोर ठेवून जाऊ नका. तुम्हाला वाटत असेल, मी गेल्यावर ही पोरांना कसं पोसेल, घर कसं चालवेल. असं समजू नका. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते. मी पोरांना पोसीन, घर चालवीन.

मग दुसरी काळजी घेतली, मी दुसरं घर करीन असं वाटत असेल, तर नाही. मग तिसरी, तुमच्यामागं मी बुद्धांच्या आणि संघाच्या दर्शनाला जायचं सोडीन असं वाटत असेल, तर नाही, उलट जास्त जाईन. अशा एकेक करून सहा काळज्या तिनं नावं घेऊन काढल्या, शील पाळीन का, मन शांत राहील का, धम्मावर विश्वास टिकेल का, आणि प्रत्येकीला काय आहे ते सांगितलं. ऐकता ऐकता नकुलपित्याचं दुखणं उतरलं, तो उठला, आणि नंतर काठी टेकत बुद्धांना भेटायला गेला. बुद्ध त्याला म्हणाले, तू भाग्यवान आहेस, तुझं भलं चिंतणारी अशी बायको तुला मिळाली.

चादरीच्या गावात ही गोष्ट माहीत नसावी याचं मला नवल वाटतं. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलंय की, नवरा गेला, गिरणी बंद पडली, तरी कांड्या भरून, विड्या वळून घर ओढलं. धीर द्यायचा तो असा, काळजीचं नाव घेऊन आणि हातात काय कसब आहे ते सांगून. "सगळं ठीक होईल" हे वाक्य मला निरुपयोगी वाटतं, ते बोलणाऱ्याची सुटका करतं, ऐकणाऱ्याची नाही.

आता हे स्वतःवर करायचं. रात्री दहा मिनिटं काढा. कागदावर तुमची भीती लिहा, एका ओळीत एक, जेवढ्या असतील तेवढ्या, लाज वाटणाऱ्यापण. मग प्रत्येकीपुढं नकुलमातेच्या आवाजात उत्तर लिहा, आणि उत्तरात फक्त खरं लिहायचं.

"फी भरता येणार नाही" यापुढं: जूनपर्यंत वेळ आहे, शाळेत हप्ते मागता येतात, सोमवारी मी हेडसरांना भेटेन. "आई बरी होणार नाही" यापुढं: ते माझ्या हातात नाही, औषध वेळेवर देणं माझ्या हातात आहे आणि ते मी देतोय, रविवारी ताई येणार आहे तेव्हा मी झोपेन. "मी परत नापास होईन" यापुढं: होऊ शकतं, पण मला टायपिंग येतं, हिशोब येतो, मी रस्त्यावर येणार नाही. काही भीतींना उत्तर नसतं, तिथं रिकामं ठेवा आणि फक्त "हे अवघड आहे" लिहा, पायरी तीनमधलं. खोटा दिलासा एक जरी घातला तरी सगळा कागद खोटा वाटायला लागतो, म्हणून रिकामं बरं.

स्वतःला जमत नसेल तर कुणाला तरी नकुलमाता व्हायला सांगा. मित्राला म्हणायचं, सल्ला देऊ नको, माझी एकेक काळजी वाचतो, तू फक्त माझ्याकडं काय आहे ते आठवण करून दे.

पायरी ६: चूक खरंच तुमचीच असेल तर

कधी कधी उजव्या बाजूचं वाक्य खरंच असतं. पैसे उडवले, कुणाला फसवलं, रागात हात उचलला, आजारी बापाकडं बघितलं नाही. तिथं फुली मारून चालत नाही.

नालंदाजवळ असिबंधकपुत्त नावाच्या गावच्या प्रमुखाला बुद्धांनी यावर सांगितलंय. थोडक्यात असं, माणसानं विचार करावा की मी जे केलं ते चांगलं नव्हतं, हे खरं. पण मी नुसता जळत बसलो म्हणून केलेलं न केलेलं होणार नाही. असं समजून तो ते काम सोडतो, पुढं करायचं नाही असं ठरवतो, आणि मग मैत्रीनं मन भरतो. क्रम बघा, आधी कबूल, मग सोडणं, मग मैत्री. ज्याचं नुकसान झालं त्याची माफी मागता येत असेल, पैसे थोडे थोडे परत करता येत असतील तर ते कराच. स्वतःला शिव्या देत राहणं ही परतफेड नसते, समोरच्याच्या हातात त्यातलं काहीच पडत नाही.

पायरी ७: एकट्यानं ओढू नका

किसा गोतमीची मोहरीची गोष्ट बहुतेकांना माहितीय, बाळ गेलेल्या त्या आईला बुद्धांनी सांगितलं की ज्या घरात कुणी गेलेलं नाही तिथून मोहरी आण. एवढंच लक्षात घ्या की तिला बुद्धांनी घरोघरी पाठवलं. तशी मोहरी मिळाली नाही पण प्रत्येक दारात कुणीतरी "आमच्याकडंपण गेलंय" असं म्हणालं. अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, त्या स्वतः बौद्ध ध्यान करत होत्या, त्यांनी २००३ मध्ये स्वतःवरच्या करुणेचे तीन भाग मांडले, स्वतःशी मायेनं वागणं, जे चाललंय ते आहे तसं बघणं, आणि हे फक्त माझ्यावरच आलेलं नाही याची जाण. तिसरं घरात बसून येत नाही, दार उघडायला लागतं.

पौर्णिमेला जवळच्या विहारात जा. सोलापुरात बुधवार पेठेत मिलिंद नगरला प्रेरणाभूमी आहे, तिथं बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, नुसतं जाऊन बसलं तरी चालतं. त्रिशरण-पंचशील पाठ नसेल तर मागं बसून ऐका, कुणी विचारत नाही. भंतेजी, म्हणजे भिक्षू, असतील तर वंदना करून सरळ सांगा, "भंतेजी, सध्या घरात असं असं चाललंय, मैत्री कशी करू?" मोठे प्रश्न तयार करून न्यायची गरज नाही. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बऱ्याच विहारांत संध्याकाळी वाचन असतं, नवख्याला ते सगळ्यात सोपं.

कुणीतरी सांगेल इगतपुरीला जा, दहा दिवस विपश्यना कर, सगळं सुटेल. गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं धम्मगिरी हे तिथलं केंद्र १९७६ पासून चालू आहे, फी नाही, दानावर चालतं, खूप लोकांना फायदा झालाय. पण पहाटे ४ ला उठून दिवसभर मौनात बसायचं असतं आणि मंगल मैत्री शिकवतात ती दहाव्या दिवशी. नुकताच मोठा धक्का बसलाय, झोप उडालीय, अशा अवस्थेत एकदम तिथं जाऊ नका, थोडं सावरल्यावर जा, आणि फॉर्मवर मनाच्या आजाराबद्दल विचारतात ते खरं भरा.

नवखे विचारतात ते

झोपताना करू का? जरूर करा. अंगुत्तर निकायात मैत्रीचे ११ फायदे सांगितलेत, त्यात सुखानं झोप लागते हाच पहिला आहे. पडल्या पडल्या वाक्यं म्हणा, मधेच झोप लागली तर उत्तम.

दिवस चुकला तर? दुसऱ्या दिवशी करा. चुकलं म्हणून स्वतःला बोल लावला की तो परत दुसरा बाण.

घरचे हसतात. सांगू नका मग, तीन श्वास कुणाला दिसत नाहीत.

वसुलीला येतो त्याच्यावरपण मैत्री करायची का? करायची, पण रांगेत तो शेवटी आहे. विसुद्धिमग्गाचा क्रम असा, आधी स्वतः, मग आदर वाटतो ते, मग जिवलग, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही तो, रोजचा रिक्षावाला वगैरे, आणि सगळ्यात शेवटी वैरी. काही महिने त्याच्यापर्यंत पोचला नाहीत तरी काही बिघडत नाही. तोपर्यंत तो दारात आला की तीन श्वास घ्या, आवाज चढवू नका, जेवढे जमतात तेवढेच पैसे द्या, पुढची तारीख त्याच्याकडून लिहून घ्या आणि पावती घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.